भयकथांचा ब्लॉग आणि पॉडकास्ट चार-पाच जणांनी मिळून चालवायचा तर

भयकथा आवडणारे चार-पाच जण एकत्र जमले की थोड्याच दिवसांत कोणीतरी म्हणतंच की चला, आपण ब्लॉग काढू, आणि त्याच बैठकीत दुसरं कोणीतरी म्हणतं मग पॉडकास्टपण करूया ना. कल्पना खरंच चांगली आहे. भयकथा कागदावर येण्याच्या कितीतरी आधीपासून तोंडी सांगितली जातेय, तिला आवाज मिळाला की तिचं निम्मं काम होतं. पण असे उपक्रम कथा संपल्या म्हणून बंद पडत नाहीत, ते बंद पडतात कारण एकेक कथा सगळ्यांच्या हातात असते आणि त्यामुळे कोणाच्याच हातात नसते. एकाला वाटतं दुसऱ्याने एडिट केलं असेल, दुसऱ्याला वाटतं लेखकाला मेल गेला असेल, आणि तिकडे लेखक महिनाभर वाट बघत बसलेला.

म्हणून पहिला नियम, आणि पुढचं सगळं याच्याच आधारावर आहे: प्रत्येक कथेला ती आत आल्यापासून प्रकाशित होईपर्यंत एकच पालक असला पाहिजे. पालक म्हणजे त्या कथेचा लेखक नव्हे, तुमच्या ग्रुपमधला एक जण. बाकीचे वाचतील, मत देतील, भांडतील, पण लेखकाशी बोलणार तो, शेवटचा शब्द त्याचा, आणि तारीख चुकली तर विचारायचं त्यालाच. लोकशाही कथा निवडताना ठेवा, कथेवर काम करताना नको.

आधी कुठली भीती ते ठरवा

"हॉरर" एवढंच ठरवून सुरुवात केली तर तिसऱ्या महिन्यात वाद होतात. एकाला भुताची जुनी वाडा-विहीर छापाची कथा हवी असते, दुसऱ्याला मानसिक, तिसऱ्याला शरीराची चिरफाड असलेली, चौथ्याला विश्वाच्या अफाटपणाची भीती, जिथे माणूस म्हणजे कोणीच नाही. सगळं घ्यायला हरकत नाही, पण मग सगळं घेतोय हे ठरवून घ्या, आणि काय घेणार नाही तेही लिहून ठेवा. आमच्या यादीत सगळ्यात आधी काय गेलं तर "सत्यघटना". कथा म्हणून लिहिलेली गोष्ट सत्यघटना म्हणून विकायची नाही, खऱ्या माणसाला किंवा खऱ्या घराला चिकटवायची नाही. असल्या गोष्टींचा त्रास कथेबाहेरच्या माणसांना होतो, एखाद्या घराबद्दल अफवा पसरली की तिथे राहणाऱ्यांना ती वर्षानुवर्षं पुरते.

ग्रुपमध्ये बोलायला एक समान भाषा लागते, नाहीतर "मजा नाही आली" याच्या पुढे चर्चा जात नाही. अॅन रॅडक्लिफ या इंग्लिश लेखिकेचा एक लेख तिच्या मृत्यूनंतर १८२६ साली छापून आला, त्यात तिने टेरर आणि हॉरर असा फरक केलाय. काहीतरी येतंय, अजून दिसत नाहीये, आणि त्या अस्पष्टपणानेच मन ताणून जागं होतं ते टेरर, आणि समोर उघड दिसल्यावर मन गोठतं ते हॉरर. दोनशे वर्षं झाली तरी हा फरक रोजच्या कामात उपयोगी पडतो. दुसरा उपयोगी विचार साहित्याचा अभ्यासक त्झ्वेतान तोदोरोव्हचा, १९७० चा: जे घडतंय ते नैसर्गिक की अतिमानवी हे वाचकाला ठरवता येत नाही तोपर्यंतच तो खास परिणाम टिकतो. एकदा ठरलं की कथा वेगळ्या प्रकारात जाते. हे दोन विचार सगळ्यांनी एकदा वाचून बोलून घ्या, मग "इथे टेरर होता, या परिच्छेदानंतर हॉरर झाला आणि लवकर झाला" असं नेमकं बोलता येतं.

माणसं आणि कामं

कामं साधारण पाच आहेत: आलेल्या कथा वाचणं, संपादन, अभिवाचन, ऑडिओ एडिट, आणि प्रकाशन, ज्यात चित्र, वर्णन, सोशल मीडिया सगळं आलं. चार माणसं असतील तर काही जणांकडे दोन कामं येतात, ते चालतं, फक्त एक जोडी टाळा, जो अभिवाचन करतो त्यानेच त्या एपिसोडचा एडिट करू नये. आपला आवाज ऐकून ऐकून कान थकतो, कुठे कंटाळवाणं झालं ते कळत नाही.

एक साधी शीट करा, प्रत्येक कथेची एक ओळ, आणि रकाने एवढेच: कथेचं नाव, पालक, आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे, पुढचं पाऊल कोणाचं, कधीपर्यंत. फॅन्सी सॉफ्टवेअर लागत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर निर्णय घेऊ नका, गप्पा मारा, पण निर्णय शीटमध्ये लिहिला नाही तोपर्यंत तो झालेला नाही असं मानायचं.

वेळापत्रकाचं म्हणाल तर आठवड्याला एक एपिसोड हा हट्ट नव्या ग्रुपने धरू नये. कथेचा एपिसोड म्हणजे संपादन, संहिता, रेकॉर्डिंग, एडिट, साउंड, पुन्हा ऐकणं, हे सगळं नोकरी-घर सांभाळून होतंय. पंधरा दिवसांनी एक कथा आणि मधल्या आठवड्यात ब्लॉगवर एखादा लेख, ही गती माणसांना झेपते. आणि पहिला एपिसोड टाकायच्या आधी किमान चार पूर्ण तयार एपिसोड हातात असू द्या. पूर्ण तयार म्हणजे चित्र आणि वर्णनासकट. कोणीतरी आजारी पडणारच, कोणाची तरी परीक्षा असणारच, तेव्हा हे चार एपिसोड तुम्हाला वाचवतात.

हक्क: इथे घाई नको

इंटरनेटवर फुकट वाचायला मिळणारी कथा म्हणजे फुकट वापरायला मिळालेली कथा नव्हे. लेखकाचं नाव दिलं, लिंक दिली, पैसे कमावत नाही, यातलं काहीच परवानगीची जागा घेत नाही. लेखी परवानगी हवी, ईमेलवर मिळाली तरी चालते, पण लेखी.

जुन्या कथांचं काय, तर त्याचं गणित देशागणिक वेगळं आहे. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार हक्काची किमान मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं, भारतात ६०, युरोपीय संघात ७०, आणि मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. म्हणजे अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्ट १९३७ मध्ये गेला तर जिथे ७० वर्षांचा नियम आहे तिथे त्याच्या हयातीत छापून आलेल्या कथा १ जानेवारी २००८ पासून मोकळ्या झाल्या, म्हणजे परवानगीशिवाय वापरता येऊ लागल्या. अमेरिकेत जुन्या छापील साहित्याचा हिशोब साधारणपणे प्रकाशनाच्या वर्षापासून ९५ वर्षांचा आहे, त्यामुळे एकच कथा एका देशात मोकळी आणि दुसऱ्या देशात बंद असं होऊ शकतं, आणि पॉडकास्ट तर सगळीकडे ऐकला जातो. शिवाय मूळ कथा मोकळी असली तरी तिचा अनुवाद मोकळा असेलच असं नाही, अनुवादकाचा हक्क वेगळा मोजला जातो. मोकळ्या इंग्रजी कथेचं मराठी अभिवाचन करायचं तर अनुवाद स्वतः करा किंवा अनुवादकाला विचारा.

नावं बदलून घेतली की सुटलो असं काहींना वाटतं. भयपटांच्या इतिहासातलंच याचं उत्तर बघा. १९२२ चा "नोस्फेराटू" हा जर्मन मूकपट ब्रॅम स्टोकरच्या "ड्रॅक्युला"वर बेतलेला होता, पात्रांची नावं बदलली होती, परवानगी नव्हती. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५ मध्ये कोर्टाने प्रती नष्ट करायचा आदेश दिला. काही प्रती वाचल्या म्हणून तो आज बघायला मिळतो, पण निर्मिती करणारी कंपनी तोपर्यंत बुडालेली होती.

नव्या लेखकांबरोबर एक पानी करार करा, साध्या मराठीत. त्यात काय हवं: कॉपीराइट लेखकाकडेच राहील, तुम्हाला फक्त प्रकाशित करायची परवानगी आहे. ब्लॉगवर मजकूर म्हणून आणि पॉडकास्टवर आवाज म्हणून, हे दोन हक्क वेगवेगळे लिहा, कारण उद्या लेखकाला पुस्तक काढायचं असेल तर मजकूर काढून घ्यावासा वाटेल आणि ऑडिओ राहू दिला तर चालेल असं म्हणेल. किती काळासाठी, त्या काळात दुसरीकडे देता येईल का, अनुवाद आणि नाट्यरूपांतर यात येत नाही, मानधन असेल तर किती आणि कधी, आणि काढून टाका असं सांगितलं तर किती दिवसांत काढणार. अभिवाचन करणाऱ्यासोबतही असंच एक छोटं पत्र हवं. त्याचा आवाज या कथेसाठी दिलाय, त्यावरून मशीनचा आवाज तयार करायला दिलेला नाही, हे वाक्य आता लिहावंच लागतं.

आणि एआयचं धोरण पहिल्या दिवशीच जाहीर करा. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लार्क्सवर्ल्ड या नावाजलेल्या विज्ञानकथा मासिकाला मशीनने लिहिलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे कथा स्वीकारणं काही काळ बंद ठेवावं लागलं होतं. तुम्ही लहान आहात म्हणून तुमच्याकडे येणार नाहीत असं समजू नका. माझं स्वतःचं मत स्पष्ट आहे, माणसाची भीती माणसाने लिहावी आणि माणसाने वाचून दाखवावी, पण तुमचं काय असेल ते असो, ते आधी लिहून ठेवा.

कथा मागवणं आणि निवडणं

आवाहन करताना शब्दमर्यादा द्या, फाइल कशी हवी ते सांगा. युनिकोडमध्येच हवी हे ठळक लिहा, जुन्या फॉन्टमधल्या फायली अजून येतात आणि त्या बदलून घेताना जोडाक्षरं आणि रफार तुटतात, मग मुद्रितशोधनात दुप्पट वेळ जातो. शब्दमर्यादा ठरवायची तर तुमच्यातल्या अभिवाचकाला एक हजार शब्द नीट, थांबे घेत वाचायला सांगा आणि घड्याळ लावा. कोणाला किती मिनिटं लागतात ते त्याच्या त्याच्या आवाजावर आहे, त्यावरून पस्तीस-चाळीस मिनिटांच्या एपिसोडला किती शब्द लागतील ते काढा.

कथा लेखकाचं नाव काढून दोघांनी वाचावी. ओळखीच्या लेखकाला नाही म्हणणं सगळ्यांनाच जड जातं, नाव दिसलंच नाही तर तो प्रश्न येत नाही. दोघांचं एकमत झालं नाही तर तिसऱ्याकडे. इथे एक गोष्ट मी फार आग्रहाने सांगेन: दोघांना बरी वाटलेली कथा आणि एकाला झोप न देणारी, दुसऱ्याला अजिबात न पटलेली कथा यात दुसरी घ्या. ज्याला तिने झोप दिली नाही तो तिचा पालक.

नकार द्यायचाच आहे तर लवकर द्या आणि माणसासारखा द्या. दोन ओळी पुरतात, पण "आपली कथा आमच्या निकषांत बसत नाही" एवढंच नको. कुठपर्यंत कथा धरून ठेवत होती ते एक वाक्य सांगा. आज नकार मिळालेला लेखक वर्षभराने सगळ्यात चांगली कथा पाठवतो, पाठवतो तो तुम्ही नीट बोललात म्हणूनच.

संपादन: भीती कुठे गळते ते शोधणं

भयकथेचं संपादन शुद्धलेखनापासून सुरू करू नका, ते शेवटी. पहिल्या वाचनात पेन घेऊन बसा आणि जिथे भीती वाटली तिथे एक खूण, जिथे ती गेली तिथे दुसरी खूण. दोन-तीन जणांच्या खुणा एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं, बहुतेक वेळा भीती गेल्याच्या खुणा सगळ्यांच्या एकाच जागी येतात.

त्या जागा कुठल्या असतात, तर पहिली म्हणजे खुलासा. शेवटच्या पानावर कोणीतरी म्हातारं पात्र येतं आणि अमुक साली इथे काय झालं होतं ते सांगत बसतं. लेखकाला सांगा, हा परिच्छेद काढून कथा एकदा वाचून बघ. नव्वद टक्के माहिती आधीच कथेत सांडलेली असते, नसेल तर दोन वाक्यं आधी कुठेतरी पेरता येतात. दुसरी जागा विशेषणांची. भयानक, भेसूर, अंगावर काटा आणणारं, काळीज गोठवणारं, हे शब्द वाचकाला काय वाटायला हवं ते सांगतात, काय दिसलं ते सांगत नाहीत. त्याऐवजी एक चुकीचा तपशील पुरतो: बाहेरून कडी लावलेल्या खोलीत पंखा चालू आहे. तिसरी, पात्रं मूर्खासारखी वागतात. दार उघडायला कारण हवं, आणि ते कारण वाचकालाही पटायला हवं, मूल आत आहे, औषध आत आहे, काहीतरी. कारण जितकं प्रेमाचं तितकं ते दार उघडणं जास्त छळतं. चौथी म्हणजे भीतीला विश्रांतीच नसणं, सलग पंचवीस पानं किंचाळ्या असतील तर पाचव्या पानापासून वाचक सरावतो. मधे साधं काहीतरी घडू द्या, भांडण, हसणं, बिलं भरणं.

हे सगळं लेखकाला सांगताना पालकाने एकट्याने सांगायचं, चौघांची मतं एका मेलमध्ये कोंबून पाठवायची नाहीत. लेखक गोंधळतो आणि कथेचा आवाज हरवतो. आणि बदल लेखकाने करायचे. तुम्ही फक्त जागा दाखवायची, अगदी सुचलं तरी वाक्य लिहून द्यायचं नाही. शेवटचं रूप त्याला दाखवल्याशिवाय काही प्रकाशित करायचं नाही, शीर्षकसुद्धा.

शैलीची एक छोटी यादी ठेवा: संवादातली बोली जशी आहे तशी, निवेदन कुठल्या रूपात, टिंबं तीनच, उद्गारचिन्ह एका जागी एकच. भयकथांमध्ये टिंबांचा पाऊस पडतो, ती निम्मी करून बघा, उरलेली जास्त काम करतात.

तीच कथा कानासाठी

ब्लॉगवरची कथा आणि पॉडकास्टची संहिता एकच नसते. ऐकणारा मागे जाऊन वाचत नाही. कोण बोलतंय हे वाक्याच्या शेवटी कळून उपयोग नाही, आधी कळलं पाहिजे. डोळ्यांना चालणारे कंस, तारखांच्या नोंदी, पत्रातला मजकूर, तिरका टाइप, हे सगळं ऐकायला वेगळं काढावं लागतं, एखादा बदललेला स्वर, थोडी जागा. सारख्या नावांची पात्रं असतील, सुमा आणि सीमा, तर लेखकाला विचारून एक नाव बदला. आणि मराठी निवेदनात सलग वाक्यं होता, होती, होतं वर संपतात, डोळा ते सोडून देतो पण कानाला ती ठोक्यासारखी लागतात, तर संहितेत काही वाक्यांची रचना फिरवा.

संहिता मोठ्या टाइपात घ्या, श्वासाच्या जागा आणि लांब थांबे खुणेने दाखवा. थांबा हा भयकथेच्या अभिवाचनातला सगळ्यात मोठा ऐवज आहे. नवखा वाचक भीतीच्या जागी आवाज चढवतो, अनुभवी वाचक तिथे आवाज उतरवतो आणि वेग कमी करतो, ऐकणारा आपोआप पुढे झुकतो. पात्रांचे आवाज काढायच्या भानगडीत फार पडू नका, किंचित वेग आणि पट्टी बदलली तरी पुरतं. एका खोलीत, एका बैठकीत कथा संपवा. दुसऱ्या दिवशी आवाजही वेगळा असतो आणि खोलीही.

रेकॉर्डिंग

महाग माइकपेक्षा खोली महत्त्वाची. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, गाद्या, जाड पडदे, पुस्तकांचे रॅक, हे आवाजाचं परावर्तन शोषून घेतात. फरशी आणि काच असलेल्या मोकळ्या खोलीत कितीही चांगला माइक लावा, आवाज डब्यातून आल्यासारखा येतो आणि नंतर तो सुधारत नाही. खोली साधीच असेल तर डायनॅमिक माइक घ्या, तो आजूबाजूचं कमी उचलतो. कंडेन्सर माइक बारीक तपशील पकडतो पण शेजारचा मिक्सरही पकडतो. तोंडापासून एक वीत अंतर, माइक थोडा बाजूला तिरका, पुढे पॉप फिल्टर (माइकसमोर लावायची जाळी), म्हणजे प, फ, भ चे फटके बसत नाहीत, आणि भयकथेत भ किती येतो ते तुम्हाला माहीतच आहे.

फाइल वेव्ह फॉरमॅटमध्ये, २४ बिट, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, पण सगळ्यांनी एकच. पातळी अशी ठेवा की मोठ्यात मोठा आवाज उणे ६ डीबीच्या वर जाणार नाही, कारण फुटलेला आवाज परत जोडता येत नाही, कमी असलेला वाढवता येतो. सुरुवातीला अर्धा मिनिट कोणीही न बोलता खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करा. हा रूम टोन एडिटमध्ये सोन्यासारखा वापरला जातो.

चर्चेचे एपिसोड वेगवेगळ्या घरांतून होत असतील तर व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग फक्त आधाराला ठेवा. प्रत्येकाने आपापल्या जागी आपला आवाज वेगळा रेकॉर्ड करायचा, सुरुवातीला सगळ्यांनी एकदम एक टाळी, त्या टाळीवरून ट्रॅक जुळवता येतात. हेडफोन सगळ्यांना सक्तीचा, नाहीतर दुसऱ्याचा आवाज तुमच्या माइकमध्ये शिरतो. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये ट्रॅक थोडे सरकतात, तर शेवटीपण एक टाळी वाजवा.

एडिट आणि आवाज

ऑडासिटी मोफत आहे आणि या कामाला पुरतं. क्रम असा ठेवा: आधी चुका काढा, मग ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालची घरघर कापणारा, मग हलका कॉम्प्रेशन, म्हणजे मोठ्या-लहान आवाजातलं अंतर कमी करणं, मग संगीत आणि साउंड, सगळ्यात शेवटी एकूण पातळी. नॉइज रिडक्शन हात राखून वापरा, जास्त झालं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

थांब्यांबद्दल एक गोष्ट जी खूप जणांच्या लक्षात येत नाही. काही पॉडकास्ट अॅपमध्ये शांतता आपोआप कापायची सोय असते, पॉकेट कास्ट्समध्ये आहे, ओव्हरकास्टमध्ये आहे, आणि ती चालू असेल तर तुम्ही जीव ओतून ठेवलेला तीन सेकंदांचा थांबा ऐकणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. तो पूर्णपणे वाचवता येत नाही, पण थांब्यात कोरी शांतता ठेवू नका, रूम टोन ठेवा, आणि महत्त्वाच्या ठिकाणी खाली काहीतरी मंद चालू राहू द्या, वारा, लांबचा पंखा, काहीही. कोरी शांतता तशीही चांगली वाटत नाही, हेडफोन बंद पडला की काय असं वाटतं.

साउंड इफेक्ट कमी वापरा. कथेत दार करकरलं म्हणून दार करकरलंच पाहिजे असं नाही, शब्दाने सांगितलेलं पुन्हा आवाजाने सांगितलं की दोन्ही हलकी पडतात. जे शब्दात नाही ते आवाजाने आणा. ओलं फडकं हळूहळू पिळणं, चामड्याचं जुनं पाकीट मुडपणं, जाड कागद ओढणं, यांचे जवळून घेतलेले आवाज तयार लायब्ररीतल्या आवाजांपेक्षा जास्त अस्वस्थ करतात. बाहेरून आवाज किंवा संगीत घेतलं तर परवाना बघा. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांमध्ये काहींना श्रेयनामावली लागते, काही व्यावसायिक वापराला बंद असतात, आज जाहिरात नाही म्हणून घेतलं आणि उद्या घेतली तर तो जुना एपिसोड अडकतो. प्रत्येक आवाज कुठून घेतला ते शीटमध्ये त्याच दिवशी लिहा.

आणि दचकवायला अचानक मोठा आवाज टाकू नका. लोक हेडफोन लावून ऐकतात, झोपताना ऐकतात, कानाला इजा होऊ शकते आणि विश्वास तर जातोच. गाडी चालवतानाही ऐकतात, म्हणून हॉर्न, सायरन, टायर घासल्याचा आवाज, फोनची रिंग हे पूर्ण टाळा.

शेवटची पातळी स्टिरिओसाठी उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला एकूण किती मोठं वाटतं त्याचं माप) आसपास, मोनोसाठी (एकाच ट्रॅकचा आवाज) उणे १९, आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, उणे १ डीबीच्या खाली. भयकथेत कुजबुज आणि बोलणं यात फरक हवा, पण रस्त्यावरून चालताना कुजबुज ऐकूच आली नाही तर काय उपयोग, म्हणून तयार एपिसोड एकदा साध्या इअरफोनवर बाहेर चालत ऐका. हे ऐकणं एडिट करणाऱ्याचं नाही, पालकाचं काम.

वाचकाची, श्रोत्याची काळजी

भीती वाटावी म्हणून तो आलाय, जखम व्हावी म्हणून नाही. आत्महत्या, लैंगिक अत्याचार, लहान मुलांवरची हिंसा, प्राण्यांचे हाल, गर्भपात, असं काही कथेत असेल तर सुरुवातीला एका वाक्यात, सपाट आवाजात सांगा आणि वर्णनातही लिहा. कथा फुटू नये म्हणून "या कथेत आत्महत्येचा उल्लेख आहे" एवढंच, कोण आणि कधी ते नको. आत्महत्येचा विषय असेल तेव्हा मदतीसाठी कुठे बोलता येईल तेही वर्णनात द्या, आणि पद्धतीचे तपशील संपादनातच कमी करा. काही जण म्हणतात सूचनेने भीती कमी होते, मला ते पटत नाही, ज्याला सूचना लागत नाही तो ती ऐकून विसरतो, ज्याला लागते तो तुमच्यावर भरवसा ठेवून पुढची कथा ऐकतो.

चर्चेच्या एपिसोडमध्ये कथा कुठपर्यंत उघडणार ते सुरुवातीला सांगा आणि एपिसोडमध्ये चॅप्टर, म्हणजे भागांच्या खुणा, टाका म्हणजे लोकांना उडी मारता येते. दुसऱ्या कोणाच्या पुस्तकावर बोलत असाल तर थोडा उतारा वाचणं वेगळं आणि आख्खी कथा सांगून टाकणं वेगळं. लिहिणाऱ्याचा शेवट तुम्ही वाटायचा नाही.

प्रकाशन

पॉडकास्ट म्हणजे शेवटी एक आरएसएस फीड, अॅपना नवे एपिसोड कळवणारी यादी, ते होस्टिंग कंपनीकडून मिळतं आणि मग स्पॉटिफाय, अॅपल वगैरे ठिकाणी एकदाच नोंदवायचं. होस्टिंग निवडताना एकच प्रश्न विचारा, उद्या सोडून गेलो तर फीड पुढे वळवून देणार का. नाही म्हणत असतील तर तिथे जाऊ नका. मुखपृष्ठाचं चित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, आणि ते फोनवर नखाएवढं झाल्यावरही ओळखू आलं पाहिजे, म्हणजे रक्त ओघळणारी बारीक अक्षरं नकोत. फाइल एमपीथ्री, मोनो निवेदनाला ९६ केबीपीएस ठीक, संगीत असेल तर स्टिरिओ १२८.

ब्लॉगवर कथेचा पूर्ण मजकूर ऑडिओसोबतच टाका. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तो लागतोच, आणि सर्चमध्येही मजकूरच सापडतो. शीर्षकात एपिसोड नंबर आधी नको, कथेचं नाव आधी, मग लेखक. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळीच फोनवर दिसतात, त्यात कथेची हाक असू द्या, तुमच्या ग्रुपची ओळख खाली. लेखक, अभिवाचक, एडिट करणारा, चित्रकार, सगळ्यांची नावं प्रत्येक एपिसोडच्या शेवटी आवाजात घ्या. लेखी नावं कोणी वाचत नाही.

पैशांचं थोडक्यात: जोपर्यंत काही येत नाही तोपर्यंत खर्च समान वाटा आणि शीटमध्ये लिहा. येऊ लागले की आधी होस्टिंग, मग लेखक आणि अभिवाचक, मग उरले तर ग्रुप. हा क्रम आधीच लिहिलेला असला की मैत्री टिकते.

कोणी सोडून गेलं तर

जाणारच आहे कोणीतरी, त्यात वाईट काही नाही. डोमेन, होस्टिंग, ईमेल यातलं काहीही एकाच्या वैयक्तिक खात्यावर ठेवू नका, ग्रुपचा वेगळा ईमेल करा, पासवर्ड मॅनेजर वापरा आणि दोघांकडे पूर्ण प्रवेश असू द्या. कच्च्या वेव्ह फायली, एडिटचे प्रोजेक्ट, करार, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. जाणाऱ्याच्या पालकत्वाखाली असलेल्या कथा त्याने स्वतः एकेक करून दुसऱ्याला सोपवायच्या, लेखकाला मेल करून नव्या पालकाची ओळख करून द्यायची, आणि त्यानंतरच त्याचा प्रवेश काढायचा.

सगळाच उपक्रम थांबवायचा ठरला तर लेखकांना तीन महिने आधी कळवा, प्रत्येकाला त्याच्या कथेची अंतिम प्रत आणि ऑडिओ पाठवून द्या, कराराची मुदत शिल्लक असेल तर हक्क लेखी परत करा. फीड लगेच बंद करू नका, होस्टिंगची जी मुदत भरलेली आहे तेवढी राहू द्या, आणि शेवटच्या एपिसोडच्या वर्णनात जुन्या कथा पुढे कुठे वाचायला, ऐकायला मिळतील त्याची लिंक टाका.